ढाल आणि दम

नव्या गेमचा ट्रेलर आला की आमच्या ग्रुपवर पहिली चर्चा हत्यारांची. तलवार केवढी, कुऱ्हाड फेकता येते का, घोड्यावरून बाण मारता येतो का. ढालीची चौकशी कुणी करत नाही. ढाल म्हणजे भित्र्याचं काम, असा एक समज आमच्यात पक्का बसलाय. कोल्हापुरात तर जरा जास्तच. इथं मागं सरणाऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. माझं म्हणाल तर गेम करणाऱ्यांनी लढाईचा किती विचार केलाय हे बघायला मी आधी ढाल बघतो. ती वर धरली की माझ्याकडून काय वसूल केलं जातं? काहीच नसेल तर तो गेम दोन संध्याकाळीत कपाटात जातो.

आमच्या लहानपणी ढाल नव्हतीच. टीव्हीला जोडायचा डबा, पिवळ्या कॅसेटी, आणि गल्लीतली सहा पोरं दोन रिमोटवर. काँट्रा नावाच्या गेममध्ये ‘बी’ अक्षराचं पाखरू हाती लागलं की गडी काही क्षण लुकलुकायचा आणि गोळ्या त्याला लागायच्या नाहीत. ती ढाल नव्हे, ते वरदान. त्यात खेळणाऱ्याला काही करायचं नसतं, फक्त लुकलुकणं संपायच्या आत पळायचं. आजही कितीतरी गेममध्ये अंगाभोवती निळा फुगा येतो आणि त्याला ढाल म्हणतात. असू दे, पण माझा जीव त्यात रमत नाही.

खरी ढाल मला भेटली ती खूप पुढे, कॉम्प्युटरवर जुने गेम धुंडाळताना. १९८६चा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’. त्यातल्या लिंक नावाच्या पोराच्या हातात पहिल्यापासून एक लहान ढाल असते. तिच्यासाठी वेगळं बटण नाही. लिंक ज्या दिशेला तोंड करून उभा आहे त्या दिशेनं दगड किंवा बाण आला तर ती आपोआप अडवते. पण तलवार चालवत असलात तर नाही. म्हणजे एका वेळी एकच: मारा, नाहीतर अडवा. चाळीस वर्षांपूर्वीच्या, मूठभर मेमरीच्या गेमनं हा सौदा इतक्या स्वच्छपणे मांडला, याचं मला अजून कौतुक वाटतं. पुढं मोठी ढाल विकत मिळते, ती आगीचे गोळेही अडवते. त्या गेममधल्या नाण्याचं नाव रुपी, आणि एकच ढाल एका दुकानात १६० रुपी, दुसऱ्यात १३०, तिसऱ्यात ९०. महाद्वार रोडवर चार दुकानं फिरल्याशिवाय पाकीट न काढणाऱ्या माणसाला हा गेम आपला वाटणारच. आणि एवढी घासाघीस करून घेतलेली ढाल ‘लाइक लाइक’ नावाचं एक थुलथुलीत जनावर गिळून टाकतं. पुन्हा दुकान.

आता आतलं गणित. पडद्यावर तलवार ढालीवर खण्णकन आपटताना दिसते, पण बहुतेक गेममध्ये धातूवर धातू आपटल्याचा हिशोब कुठंच चाललेला नसतो. घाव पोचला त्या क्षणी प्रोग्राम दोन प्रश्न विचारतो. एक, या माणसानं ढाल वर धरली आहे का? दोन, घाव कुठून आला, म्हणजे तो ज्या दिशेला बघतोय तिच्यापासून किती अंशांत? दोन्ही उत्तरं सोयीची असली की घावातले आकडे कापले जातात, ठिणग्या उडतात, आवाज वाजतो. ढाल गोल असो, चौकोनी असो, दाराएवढी असो, तिचा आकार बऱ्याचदा नुसता पोशाख असतो. काही गेम जास्त कष्ट घेतात. २०१०च्या ‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’मध्ये ढाल ही खरोखर जागा व्यापणारी वस्तू आहे. ती पाठीला लटकवून पळत सुटलात तर मागून आलेला बाण तिच्यात रुतून बसतो, मणक्यात नाही. जुन्या चित्रांत मराठा स्वाराच्या पाठीवर ढाल असते ती काही हात मोकळे ठेवायला एवढ्यासाठीच नसणार, हे मला त्या गेमनं पटवलं.

पण एक गोष्ट जवळजवळ सगळेच सोडून देतात, ती म्हणजे ढालीचा फुगवटा. नव्या राजवाड्यातल्या म्युझियममध्ये शस्त्रांच्या कपाटांसमोर पर्यटक तलवारींचे फोटो काढतात आणि पुढं सरकतात. तिथं, किंवा कुठल्याही शस्त्रसंग्रहात, जमलं तर आपल्याकडच्या ढालीकडं बाजूनं बघा. ती सपाट ताटली नसते, मधे फुगलेली असते. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, नाहीतर पोलादाची. फुगवट्यावर घाव पडला की तो घसरतो, त्याचा जोर बाजूला निघून जातो, हाताला कमी झटका बसतो. दर्शनी बाजूला चार फुल्या दिसतात त्या शोभेच्या वाटतात, पण त्यांच्याखाली आतल्या कड्यांचे खिळे दडलेले असतात. आत दोन पट्टे आणि मध्ये एक छोटी गादी, बोटांच्या पेरांसाठी. ते दोन्ही पट्टे एकाच मुठीत धरायचे. हे मूठ प्रकरण महत्त्वाचं आहे, त्याच्याकडं परत येतो.

आधी दम.

२०११ साली ‘डार्क सोल्स’ आला आणि ढालीचा हिशोब खऱ्या अर्थानं सुरू झाला, असं माझं मत. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात जीवाच्या पट्टीखाली एक हिरवी पट्टी असते, ती दमाची. पळालात, लोळण घेतलीत, तलवार फिरवलीत की ती उतरते. ढालीवर घाव झेललात तरी उतरते. लोखंडी ढाल साध्या तलवारीची इजा शंभर टक्के अडवते, म्हणजे जीवाची पट्टी तसूभरही हलत नाही. नवा खेळणारा इथं फसतो. त्याला वाटतं, झालं, आता ढाल वर धरली की काम फत्ते. पण प्रत्येक घावाला हिरव्या पट्टीचा लचका तुटतो, आणि ढाल वर धरलेली असेपर्यंत ती पट्टी रडतखडत भरते. पट्टी संपली की ढाल बाजूला फेकली जाते, गडी हात पसरून उघडा उभा, आणि पुढचा घाव पुरा बसतो.

खासबागेच्या मैदानात कुस्त्या बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नुसती बचावाची कुस्ती धरणारा पैलवान सगळं हातांवर घेत राहतो, दिसायला सुरक्षित असतो, पण त्याचा दम उखडला की वर बसलेल्या म्हाताऱ्यांना ते त्याच्याआधी कळतं. ‘डार्क सोल्स’मध्ये शिकायची गोष्ट हीच की ढाल खाली कधी करायची. शत्रूचा हात मागं गेला, तो घाव मारून फसला, आता एक श्वास मोकळा आहे, टाक ढाल खाली, भरू दे पट्टी. धोक्यासमोर मुद्दाम उघडं राहायचं. हाताला हे पटायला फार वेळ लागतो, कारण भीती वाटली की बोट आपोआप ढालीच्या बटणावर घट्ट बसतं.

त्या गेममध्ये वजनाचीही कटकट आहे. मोठी ढाल घेतली तर एकूण ओझं वाढतं आणि लोळण घेताना गडी पोत्यासारखा पडतो. शिवाय आग आणि जादू कुठल्या ढालीतून किती आत येणार याचे आकडे वेगळे. त्यातली ‘ग्रास क्रेस्ट’ नावाची हिरवट ढाल मला फार आवडते. अडवायला ती बेताचीच, पण ती जवळ असली की दम लवकर भरतो, आणि नुसती पाठीवर टाकली तरी भरतो. त्यामुळं लोक ती पाठीवर अडकवतात, तलवार दोन्ही हातांत धरतात आणि ढालीनं एकही घाव न अडवता अख्खा गेम काढतात. नाद खुळा. ढालीचा असा उपयोग करणाऱ्याच्या हिशेबी डोक्याला दाद द्यावी लागते.

आता नजर. याबद्दल मी कुठं फारसं वाचलेलं नाही आणि मला तर हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

अशा बहुतेक गेममध्ये कॅमेरा गड्याच्या मागं आणि खांद्याच्या वर असतो. गडी नखशिखांत ढालीआड गेला तरी खेळणाऱ्याला पलीकडचं सगळं दिसत असतं. शत्रूचा खांदा कुठं वळला, पाय कुठला पुढं आला, मागून दुसरा कोण येतोय, सगळं. ही फुकटची नजर आहे, आणि तिच्यामुळं गेममधली ढाल खऱ्या ढालीपेक्षा किती सोपी होते हे आपल्या लक्षातही येत नाही.

आमच्या घराजवळच्या तालमीत शिवजयंतीच्या आधी मर्दानी खेळांचा सराव जोरात असतो. लाठी, बनाटी, पट्टा, सगळं. लहान पोरांच्या हाती आधी फरीगदगा देतात. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल आणि गदगा म्हणजे चामडं चढवलेली काठी. तिथली एक फरी वापरून वापरून कडेला दातरलेली आहे आणि तिच्या मुठीला कुणीतरी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलीय. परवा एक सात-आठ वर्षांचं पोरगं ती घेऊन उभं होतं. समोरच्यानं गदगा उचलला की हे लगेच फरी नाकासमोर धरायचं, डोळे मिटायचं आणि कोपर अंगाशी आवळून घ्यायचं. समोरचा पोरगा शांतपणे खाली वाकायचा आणि याच्या गुडघ्यावर टक्‌कन गदगा टेकवायचा. पुन्हा, पुन्हा. शेवटी वस्ताद ओरडले, “अरं मर्दा, फरी तोंडाम्होरं कशाला धरतोयस? घाव बघ की घाव! नजर घावावर ठेव, फरी आपोआप जाती.” पोरानं मान हलवली आणि पुढच्या घावाला फरी पुन्हा नाकासमोर. त्याला मागं आणि वर कॅमेरा नव्हता.

डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये ही अडचण थोडी तरी येते. माझा भाचा माइनक्राफ्ट खेळतो. त्यात २०१६ साली ढाल आली. सहा फळ्या आणि एक लोखंडाची वीट मांडली की तयार. ती वर केली की पडद्याचा एक कोपरा लाकडानं भरून जातो.

“मामा, हे बघ, मी काय केलंय,” असं म्हणून त्यानं मला दाखवलं. ढालीचं चित्र खाली सरकवणारा एक पॅक त्यानं टाकला होता. ढाल वर केली तरी पडद्यावर नुसती तिची कड दिसायची.

“ही तर लबाडी झाली की.”

“लबाडी कसली? सगळे टाकतात. दिसायला नको होय?”

मी बोललो नाही, पण मला ते खटकलंच. ढाल धरल्यावर कमी दिसतं, हीच तर तिची किंमत. भाच्याच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की माइनक्राफ्टनं किंमत दुसरीकडून वसूल केलीय. बटण दाबल्याबरोबर ढाल कामाला लागत नाही, पाव सेकंद जातो. घाव आलेला बघून घाबरून दाबलं तर उशीर झालेला असतो. आणि समोरच्यानं कुऱ्हाड हाणली की ढाल पाच सेकंद निकामी. पाच सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पोराच्या कपाळावर त्या पाच सेकंदांत घाम येतो, मी बघितलाय.

आता त्या मुठीकडं.

ढाल हाताला बांधली तर हात भिंत होतो. ती मुठीत धरली तर मनगट मोकळं राहतं. मनगट मोकळं असलं की ढाल घावाची वाट बघत बसत नाही, पुढं जाऊन त्याला भेटते. घावाचा पुरा जोर भरायच्या आत त्याला बाजूला टोलवते. आपल्याकडची मुठीची, लहान, फुगीर ढाल याच कामाची आहे. गेमच्या भाषेत याला पॅरी म्हणतात, आणि ‘डार्क सोल्स’ करणाऱ्यांना हे नेमकं कळलेलं होतं. तिथं दाराएवढ्या ढालींनी टोलवता येतच नाही, आणि टोलवायला सगळ्यांत सोयीच्या ढाली म्हणजे बकलर आणि टार्गेट शील्ड, दोन्ही गोल आणि लहान. अडवायला त्या रद्दड. घाव येताना नेमक्या क्षणी बटण दाबलं तर शत्रूचा हात उडतो, तो उघडा पडतो आणि तुमचा एक वार त्याला जन्माची अद्दल घडवतो. क्षण चुकला तर घाव तुमच्या बरगडीत. एका सेकंदाची साठ चित्रं धरली तर सहा चित्रांची संधी म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात डोळ्यानं बघून बोट हलवणं जवळजवळ अशक्य. शत्रूच्या अंगाची लय पाठ व्हावी लागते, त्याचा खांदा हलला की मनात मोजणी सुरू. वस्ताद म्हणतात ते ‘आपोआप’ हेच असावं.

हा प्रकार सगळ्यांत खुमासदार केलाय तो झेल्डाच्याच मालिकेतल्या २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’नं. त्यात ढाली झिजतात आणि फुटतात. लाकडी ढाल आगीपुढं धरली तर पेटते. लोखंडी ढाल पाठीवर घेऊन विजांच्या पावसात फिरलात तर तिच्यावर ठिणग्या नाचायला लागतात, आणि ती काढून ठेवली नाही तर वीज डोक्यावर. पन्हाळ्याच्या पठारावर वळवाच्या पावसात सापडलेल्या माणसाला ही भीती ओळखीची आहे. उतारावर तीच ढाल पायाखाली टाकून घसरतही जाता येतं, अर्थात त्यानं ती झिजते. आणि त्या गेममध्ये ‘गार्डियन’ नावाची यंत्रं आहेत, लाल किरणानं नेम धरतात, टिकटिक वाढत जाते आणि मग एकच झोत. सुरुवातीला त्या झोताखाली लिंकची राख होते. पण त्याच सुरुवातीच्या पठारावर एक पातेल्याचं झाकण मिळतं. खरंखुरं स्वयंपाकघरातलं झाकण, ढाल म्हणून धरता येतं. चार काठ्या बसल्या की फुटणारं. ते झाकण नेमक्या क्षणी पुढं झटकलं तर झोत उलटा फिरून त्या यंत्राच्याच डोळ्यात जातो, आणि झाकणाला ओरखडाही येत नाही. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की बायको उठून आली. तिला झाकणाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं, इतकंच.

सगळ्याच गेमना ढाल आवडते असं नाही. २०१५च्या ‘ब्लडबोर्न’मध्ये ‘डार्क सोल्स’वाल्यांनीच ढालीचा जवळजवळ निकाल लावला. एक लाकडी फळकूट ठेवलंय, आणि त्याच्या वर्णनात ढालीच्या भरवशावर बसून राहणाऱ्यांना टोमणा. २०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये नायक क्रेटॉसची ढाल मनगटावर उमलते, दिसायला लई भारी. तिथं समोरच्याभोवती पिवळं कडं चमकलं तर त्याचा घाव ढाल मोडून आत येणार, टोलवला तर वाचलात. लाल कडं चमकलं तर ढालीचा उपयोग नाही, बाजूला उडी. हे रंगांचे इशारे मला जरा शाळेतल्या फळ्यावरच्या सूचनांसारखे वाटतात, पण घाईगर्दीच्या लढाईत त्यांच्याशिवाय निभावणार नाही हेही खरं.

आपल्याकडच्या माडूची आठवण मात्र मला एका वेगळ्याच गेमनं करून दिली. माडू म्हणजे काळविटाची दोन शिंगं उलटसुलट जोडून मधे मूठ, काहींना मुठीवर छोटी ढालही असते. अडवायचं आणि त्याच झटक्यात भोसकायचं. ‘एल्डन रिंग’च्या २०२४च्या विस्तारात टोकदार ढाली आल्या, ढालीआड राहून त्याच ढालीनं भोसकायचं, आणि खेळणारे चकित झाले की हे काय नवीन. आमच्या मर्दानी खेळांच्या प्रात्यक्षिकांत माडू आला की लोक सहसा मोबाइल खाली ठेवतात आणि पट्ट्याची वाट बघतात.

मला एक गेम हवाय. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० साली ‘राजी’ काढून दाखवला, तेव्हा आपल्याकडं जमत नाही असं कुणी म्हणू नये. मला हव्या त्या गेममध्ये ढालीचा फुगवटा मोजला जावा. घाव मधोमध पडला तर हाताला झटका, तिरका पडला तर घसरून जावा, आणि तो तिरका पाडणं माझ्या अंगठ्याच्या हातात असावं. कातड्याची ढाल आणि पोलादाची ढाल यांचा आवाज वेगळा असावा. फरी नाकासमोर धरली तर पडदा काळा व्हावा. पट्टा फिरवणारा समोर आला तर त्याचं पातं लवतं, ते ढालीच्या कडेवरून वळून आत येऊ शकतं, हेही त्यात असावं. आणि पहिला धडा तालमीत, गदगा गुडघ्यावर खात खात.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्यानं कानातला एक हेडफोन काढून ऐकलं.

“मामा, पडदा काळा झाला तर लोक पैसे परत मागतील.”

“मागू देत की.”

“आणि ढाल खाली सरकवायचा पॅक पहिल्याच दिवशी येईल बघ,” असं म्हणून त्यानं हेडफोन परत कानात घातला. त्याच्या पडद्यावर कुणीतरी कुऱ्हाड घेऊन पळत येत होतं.